आवरताना लेकरं कुठे असतात?

पालकहो, भाद्रपदात महालक्ष्म्या यायच्या असल्या की घरात हातांची वाण नसते. कोथळ्या कोणी बसवतं, निऱ्या कोणी घालतं, फुलोरा कोणी बांधतं आणि लेकरं तर नको म्हटलं तरी मध्ये घुसतात. तिसऱ्या दिवशी मुखवटे हलवले, अक्षता पडल्या की मात्र सगळे पांगतात. मुलं मोबाइल घेऊन कोपऱ्यात, बाप दुकानावर नाहीतर रानात. पितळी मुखवटे, हात, दागिने, साड्या, दिव्यांच्या माळा आणि पिलवंडांची, म्हणजे महालक्ष्म्यांच्या लेकरांची, झबली यांच्या ढिगात आई एकटीच. सण मांडायला सगळं घर आणि आवरायला एक बाई, अशी आपल्या जालन्याकडची रीत होऊन बसली आहे. मला बोलायचंय ते या आवराआवरीबद्दल. त्या ढिगात लेकरांना बसवा, एवढंच माझं म्हणणं. बाकीचं ओघाने येईल.

मुलांना काय काम द्यायचं? सुरुवात टाचण्यांपासून करा. महालक्ष्मीच्या साडीत पदर, निऱ्या, खांदे मिळून किती टाचण्या खोवल्या जातात, याचा हिशोब घरात कोणी ठेवत नाही. दुसरी-तिसरीतल्या मुलीला किंवा मुलाला, हो, मुलालासुद्धा, तो ठेवायला सांगा. जेवढ्या खोवल्या तेवढ्या निघाल्या का, हे त्याने मोजायचं. साडीत राहून गेलेली एक टाचणी पावसाळी हवेत गंजते आणि वर्षभराने घडी उघडावी तर काठाजवळ तांबडा डाग बसलेला असतो. तो डाग जात नाही. मुलाला हे एकदा कळलं की पुढच्या वर्षी तेच आईला आठवण करून देतं.

आता एक अडचण, जी कोणी बोलून दाखवत नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो आणि महालक्ष्म्या नेमक्या त्यातच येतात. म्हणजे ठेवणीतली सगळ्यात मोलाची वस्त्रं आपण सगळ्यात दमट दिवसांत बाहेर काढतो आणि दमट दिवसांतच परत संदुकीत कोंबतो. साडी हाताला कोरडी लागते, पण हवेतली ओल धाग्यात मुरलेली असते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं की ती ओल आतच राहते. मग बुरशीचे ठिपके पडतात, जर काळवंडते. म्हणून हे ठेवणं दोन वेळा करावं, असं माझं मत आहे. विसर्जनानंतर साड्या जुन्या धुतलेल्या सुती धोतरात किंवा ओढणीत सैल गुंडाळून ठेवा. मग दसऱ्याच्या आगेमागे पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं, की एका दुपारी त्या बाहेर काढा, सावलीत पसरा आणि तेव्हा कायमच्या ठेवा. पैठणी किंवा जरीकाठी साडी थेट उन्हात घालू नका, रंग उडतो. घडी मात्र दर वेळी वेगळ्या जागी पाडा, कारण एकाच रेषेवर दुमडलेली जर शेवटी तिथेच तुटते.

नैवेद्याच्या तेलाचा, तुपाचा शिंतोडा, घामाचा डाग, कांजी केलेला सुती कपडा, यांवर कसर लवकर येते. लोकरीच्या बाबतीत तर कपडे खाणारी अळी मळक्या जागाच आधी धरते. त्यामुळे ‘एकदाच घातलंय, धुवायचं कशाला’ हा विचार संदुकीपुरता तरी सोडा.

ठेवायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. माळवदाच्या घरात जाड मातीखाली गारवा असायचा. आता आपण सगळं स्लॅबखालच्या माळ्यावर चढवतो. मे महिन्यात बाहेर पारा ४२-४३ अंशांवर गेला की तो माळा भट्टी होतो. मेणबत्त्या वाकतात, रेनकोटच्या आतला थर चिकट होऊन घड्या एकमेकींना धरतात, इलास्टिकचा ताण जातो, माळांच्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. त्यामुळे माळ्यावर भांडी जाऊ द्या, मखराच्या लाकडी पट्ट्या जाऊ द्या. कपडे आणि दिव्यांच्या माळा खाली, भिंतीपासून थोड्या दूर ठेवा. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून लाकडाची, कापडाची, पुठ्ठ्याची मखरं घरोघरी आली. ती टिकवता येतात, हा त्या बंदीचा फायदाच म्हणायचा. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळण्याचं काम मुलं आवडीने करतात. बॅटरीवरच्या पणत्यांमधले सेल मात्र तुम्ही स्वतः काढा. ते गळतात हे एक. आणि बटणासारखा चपटा सेल लहानग्याने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले, ते. डांबरगोळ्या.

कपड्यांत डांबरगोळ्या टाकल्याशिवाय आपल्याकडे संदूक बंद होत नाही. त्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात. गोळी हळूहळू हवेत विरते, तो वास कपड्यात भरतो. मोठ्या माणसाला त्याने सहसा फार तर डोकं दुखतं. पण काही मुलांच्या तांबड्या पेशींमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. हा दोष मुलग्यांमध्ये जास्त दिसतो आणि बहुतेक घरांना तो आहे हे माहीतही नसतं. अशा तान्ह्या बाळाला डांबरगोळीचा वास मुरलेलं झबलं किंवा दुपटं घातलं तर त्याच्या तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात, कावीळ चढते आणि ती मेंदूपर्यंत पोचू शकते. अंगाला तेल चोळलेलं असेल तर त्वचेतून ते आणखी शोषलं जातं, आणि आपल्याकडे तेल न चोळलेलं बाळ कुठे असतं? युरोपीय संघात कपड्यांसाठीच्या या गोळ्यांची विक्री २००८पासून बंद आहे.

हे घडतं कसं बघा. थोरल्याचं टोपडं, स्वेटर, मोजे महाशिवरात्रीच्या सुमारास संदुकीत जातात, वर मूठभर गोळ्या. धाकटं डिसेंबरात जन्मतं. गारठा वाढला की आजी प्रेमाने संदूक उघडते आणि ते टोपडं झटकून तसंच डोक्यावर चढवते. आजीचं काही चुकलेलं नसतं, तिला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून तुम्ही सांगा, आणि आवाज न चढवता सांगा. तान्ह्याच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवायचीच नाही. आधीच ठेवली असेल तर ते कपडे तान्ह्याला घालूच नका. एकदा धुऊन, एक दिवस उन्हात टाकून तो वास पुरता जाईल याची खात्री नसते.

मोठ्या भावंडांसाठीही ही गोळी नकोच. पांढरी, गुळगुळीत, पेपरमिंटसारखी दिसते. दोन वर्षांचं लेकरू ती तोंडात घालणारच. गिळली तर उलटी करवू नका, दूध किंवा तूप पाजू नका, कारण स्निग्ध पदार्थाबरोबर ते विष अंगात जास्त भिनतं. गोळ्यांचा पुडा हातात घेऊन थेट दवाखाना गाठा. एक-दोन दिवसांनीही लघवी चहाच्या रंगाची झाली, लेकरू पिवळं किंवा निस्तेज दिसलं, तर थांबू नका. ‘मग कापूर ठेवतो’ असंही म्हणू नका. कापूर गिळल्याने लहान मुलांना झटके येतात. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला पातळ कापडाच्या पुरचुंडीत ठेवा. खरं सांगायचं तर त्याने कसर मरत नाही, फार तर लांब राहते. राखण करतं ते स्वच्छ धुणं, खडखडीत वाळवणं आणि वर्षातून दोनदा संदूक उघडून वारा देणं.

पोळ्याच्या झुली, गोंडे, घुंगरमाळा यांचं वेगळं काय सांगू? चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तो पुसून, वाळवून खुंटीला टांगायचा. पोत्यात दडपायचा नाही. बैल विकून ट्रॅक्टर आला तरी झूल जपणारी घरं गावोगाव आहेत, आणि ते मला आवडतं.

पण मुलांचे कपडे जपण्याची हौस मला पटत नाही. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं. पुढेही दोन हिवाळ्यांत स्वेटर आखूड होतो. आठवणीला एक झबलं ठेवा, धाकट्याला लागेल तेवढं ठेवा, बाकीचं घरातून काढा. काय द्यायचं हे मुलालाच निवडू द्या. त्याने आवडता स्वेटर मागे ठेवला तर ठेवू द्या; जबरीने दिलेलं ते विसरत नाही.

आणि देणार असाल तर वेळेवर द्या. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. लेकरं सोबत जातात, उसाच्या फडाजवळ कोपीत राहतात आणि थंडीचे सगळे महिने तिथेच काढतात. आपल्याला स्वेटर आठवतो डिसेंबरात, संदूक उघडल्यावर. तोवर गावातली ती लेकरं केव्हाच निघून गेलेली असतात. तेव्हा यंदा महालक्ष्म्यांचं आवरायला बसाल, त्याच दिवशी स्वेटरांचं गाठोडंही सोडा. काय द्यायचं ते काढा, धुवा आणि मुकादमाचा ट्रॅक्टर गावातून निघायच्या आधी पोचवा.