सुट्टीतील उन्हाळा : माठ, पन्हे, करवंद आणि पायवाट

जूनच्या मध्यास शाळा उघडते. विदर्भात उन्हाच्या तीव्रतेमुळे ती काही दिवस उशिरा उघडते. पहिल्याच आठवड्यात अनेक वर्गांच्या फळ्यावर निबंधाचा एक ठरावीक विषय लिहिला जातो : ‘मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालविली?’ वर्गातील चार-पाच मुले आजोळी किंवा शहरातील नातलगांकडे जाऊन आलेली असतात. त्यांच्या लेखण्या चालू लागतात. उरलेल्या मुलांपैकी कोणी आईबापांबरोबर ऊसतोडणीहून नुकतेच परतलेले असते, कोणी रानात तेंदूपाने गोळा करीत असते, कोणी गुरे राखलेली असतात, तर कोणी धाकट्या भावंडास सांभाळून दिवस काढलेले असतात. ही मुले काय लिहितात? ती मार्गदर्शक पुस्तकातील निबंध आठवून लिहितात. ज्याने महाबळेश्वर पाहिलेले नाही, तो वेण्णा तलावात नौकाविहार करून येतो! शिक्षकही शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या दुरुस्त करून वही परत देतात.

यात भाषेची हानी तर आहेच. परंतु त्याहून मोठी हानी दुसरीच आहे. आपल्या वाट्याला आलेला उन्हाळा लिहिण्याच्या योग्यतेचा नाही, सुख म्हणजे दूरच्या गावी व पैशाने मिळणारी वस्तू होय, अशी समजूत त्या बालमनात घर करून बसते. वस्तुतः उन्हाळ्याची खरी सुखे बहुतेक सर्व खेड्यांत उपलब्ध असतात. माठातील गार पाणी, कैरीचे पन्हे, रानातील करवंदे, सकाळच्या गारव्यात केलेली पायपीट, ही ती सुखे होत. ती डोळसपणे कशी घ्यावी हे मुलांस सुट्टीपूर्वी शिकविले, तर जूनमध्ये एकाही मुलाची वही उसन्या वाक्यांनी भरणार नाही.

मूल जेथे आहे तेथेच त्याची शाळा न्यावी, हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. पुढे त्यांनी व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी जे कार्य केले, त्यात कुरणशाळेचाही प्रयोग होता. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने कुरणात जावे, अशी ती दृष्टी होती. तीच दृष्टी उन्हाळ्याच्या सुट्टीस लावावयाची आहे. त्यासाठी एप्रिल महिन्यात, शाळा सकाळची असताना, इयत्ता ३ री ते ५ वीच्या वर्गांत घेता येतील असे चार छोटे पाठ येथे सुचविले आहेत.

पाठ पहिला : माठ

साहित्य : मातीचा एक माठ, तेवढ्याच मापाची धातूची एक कळशी, एक मापपात्र आणि मिळाल्यास तापमापी.

शाळा भरताच दोन्ही भांड्यांत मोजून सारखे पाणी भरावे व ती सावलीत, वारा लागेल अशा जागी शेजारी शेजारी ठेवावी. शाळा सुटण्यापूर्वी मुलांनी दोन्ही पाण्यांत बोट बुडवून पाहावे आणि तापमापी असल्यास अंश फळ्यावर मांडावे. माठातील पाणी गार का झाले, हे शिक्षकाने लगेच सांगू नये. प्रथम माठाच्या अंगावरून हात फिरविण्यास सांगावे. हातास ओल लागते. ही ओल कोठून आली व कोठे जाते, या दोन प्रश्नांत सारा पाठ सामावलेला आहे.

माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते व त्याची वाफ होते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि तिचा मोठा भाग माठातील पाण्यातून घेतला जातो. हिशेबाने पाहता १० लिटर पाणी १० अंशांनी गार होण्यास सुमारे १७० ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाण्याची वाफ होणे पुरते. प्रत्यक्षात बाहेरील उष्णता सतत आत येत असल्याने याहून अधिक पाणी खर्च होते. दुसऱ्या दिवशी मापपात्राने माठातील पाणी मोजून किती घटले ते मुलांनीच काढावे. लहान वर्गास कॅलरीचा उल्लेखही करण्याचे कारण नाही. त्यांच्या ओल्या हातावर फुंकर मारावयास सांगितले की पुरे.

हवा कोरडी असेल तर वाफ झपाट्याने होते. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात माठ जितके पाणी गार करतो, तितके कोकणच्या दमट हवेत करू शकत नाही. तैलरंग दिलेला माठ सुबक दिसतो, पण त्याची छिद्रे बुजल्याने पाणी नीट गार होत नाही. सुट्टीचा स्वाध्याय असा द्यावा : आपल्या घरचा माठ कोठे ठेविला आहे, तो नवा की जुना, आणि त्यातील पाणी दिवसाच्या कोणत्या वेळी सर्वांत गार लागते, हे पाहून तीन वाक्यांत लिहावे.

पाठ दुसरा : पन्हे

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आंब्याची डाळ व पन्हे देण्याची रीत अनेक मुलांनी घरी पाहिलेली असते. वर्गात पन्हे करणे हा भाषा, गणित व विज्ञान यांचा एकत्रित पाठ होऊ शकतो. कैऱ्या धुऊन, देठाचा चीक काढून टाकून त्या उकडाव्या किंवा निखाऱ्यात भाजाव्या; गर काढून त्यात गूळ, किंचित मीठ व वेलदोड्याची पूड घालावी आणि उकळून गार केलेले पाणी मिसळावे. विस्तवाजवळचे काम शिक्षकाने किंवा पोषण आहार शिजविणाऱ्या ताईंनी करावे.

कैरी फार आंबट नसेल तर १ वाटी गरास दीड वाटी गूळ पुरतो व त्यात साधारण ८ पेले पन्हे होते, असे धरावे. वर्गात ४० मुले असल्यास गर किती वाट्या लागेल? पाच. मग गूळ किती? येथे जुन्या दीडकीच्या पाढ्याचा उपयोग आपोआप येतो : पाच दीडे साडेसात. एरवी रुक्ष वाटणारा अपूर्णांक पन्ह्याच्या पातेल्याशेजारी रुक्ष वाटत नाही.

पुढचा प्रश्न विज्ञानाचा आहे. गोड पन्ह्यात मीठ कशाला? घाम जिभेला खारट लागतो, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, तेव्हा दोन्हींची भरपाई हवी, हे उत्तर मुलेच देतील. त्यापुढची गोष्ट शिक्षकाने सांगावी. लहान आतड्यात साखर व मीठ एकत्र असली की ती परस्परांच्या साह्याने शोषली जातात व त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात शिरते. याच तत्त्वावर जलसंजीवनी आधारलेली आहे. १९७१ साली बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली असता, शिरेतून द्यावयाचे द्रव अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर व क्षार यांचे द्रावण रुग्णांस तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली आणि असंख्य प्राण वाचले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

मात्र एक भेद स्पष्ट करावा. पन्हे हे उन्हाळ्याचे पेय आहे. जुलाबावरचे ते औषध नव्हे, कारण त्यातील गोडी फार असते. घरी जलसंजीवनी करावयाची झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे ६ सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा, हे प्रमाण मुलांकडून पाठ करून घ्यावे. हे एक वाक्य घरोघर पोहोचले तरी पाठाचे सार्थक झाले.

कोकणातील शाळेने पन्ह्याऐवजी कोकमाचे सरबत घ्यावे. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात व पावसापूर्वी त्यांची साल वाळवून आमसुले करावी लागतात. ही घाई मुलांनी घरी पाहिलेलीच असते. अन्यत्र ताक आहे. गावात जे मिळते तेच पाठाचे साहित्य.

पाठ तिसरा : करवंद

डोंगराकडच्या गावांतील मुलांस करवंदाच्या जाळ्या शिक्षकांहून अधिक परिचित असतात. या पाठात मुलांनी सांगावे व शिक्षकाने ऐकावे. पाने समोरासमोर येतात की एकाआड एक? देठ मोडला असता काय निघते? काटा कोठे असतो? अशा प्रश्नांनी निरीक्षणास वळण लावावे.

करवंद खाण्यापूर्वी ‘कोंबडा की कोंबडी?’ असे विचारण्याचा खेळ सर्वपरिचित आहे. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. या खेळातून गणिताचा उत्तम पाठ होतो. प्रत्येक मुलाने सुट्टीत २० करवंदांची नोंद उभ्या रेघा मारून ठेवावी. जूनमध्ये ३० मुलांच्या नोंदी एकत्र केल्या की ६०० करवंदांची संख्या हाती येईल. एकेकट्या मुलाच्या नोंदीत फार फरक दिसेल. सर्वांची बेरीज मात्र अधिक विश्वसनीय ठरेल. थोड्यावरून निष्कर्ष काढू नये, हा शास्त्राचा मोठा धडा येथे खाता खाता मिळतो.

जेथे करवंद नाही तेथे जांभूळ, टेंभुर्णी, चाराची फळे किंवा मोहाची फुले आहेत. तेंदूपानांसाठी पहाटे रानात जाणाऱ्या मुलास कोणते झाड कोठे आहे याचे जे ज्ञान असते, ते वर्गात मोलाचे ठरले पाहिजे. त्याच्या श्रमाचे कौतुक करताना त्या श्रमास सहल म्हणू नये. पण त्या रानात त्याने जे पाहिले ते त्याचेच आहे, हे त्यास उमगू द्यावे. अनोळखी फळ तोंडात घालू नये, हा नियम या पाठाबरोबरच सांगावा.

पाठ चौथा : प्रवास व पायवाट

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. तेव्हापासून खेड्यातील मुलाचा उन्हाळी प्रवास बहुधा एस. टी.नेच झालेला आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट असते. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांसही भाड्यात निम्मी सवलत देण्यात आली. पूर्ण भाडे ८० रुपये धरल्यास आई, बाबा, ८ वर्षांची मुलगी व ३ वर्षांचा मुलगा यांचे एकूण भाडे किती, असे उदाहरण घालावे. उत्तर १६० रुपये येते. ३ वर्षांच्या मुलास तिकीट लागत नाही, हे कोण ओळखतो ते पाहावे.

परंतु जो कोठेच जाणार नाही, त्याच्यासाठी हा पाठ अधिक महत्त्वाचा आहे. त्याने घरापासून आठवड्याच्या बाजारापर्यंत, नदीपर्यंत किंवा टेकडीवरील देवळापर्यंत वडीलधाऱ्यांसमवेत सकाळी चालत जावे व वाटेचा नकाशा काढावा. किती पावले, कोठे सावली, कोठे पाणी, कोणता ओढा आटला, नदीच्या वाळूत कलिंगडाचे वेल कोठे लावले आहेत, हे त्यात दाखवावे. असा नकाशा शंभर मैलांच्या प्रवासवर्णनाहून कमी प्रतीचा नाही.

दक्षता

सुट्टीचा आनंद सांगताना तिचे धोके सांगणे हेही शिक्षकाचे कर्तव्य होय. दुपारच्या उन्हात हिंडू नये. कोणास चक्कर, ओकारी, अंग तापणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसल्यास त्यास सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंग ओले करून वारा घालावा व त्वरित दवाखान्यात पोहोचवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. बर्फाचा गोळा खाण्यापूर्वी तो बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विचारावे. एकट्याने पोहावयास जाऊ नये. विशेषतः शेततळ्याविषयी निक्षून सांगावे : त्याच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर पाय घसरतो आणि पोहता येणाऱ्यासही कड धरून वर येता येत नाही. काठावर दोर बांधलेला नसेल अशा शेततळ्याकडे मुलांनी फिरकूही नये, आणि दोर असला तरी मोठे माणूस सोबत असल्यावाचून उतरू नये. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी स्वतः उडी न टाकता आरडाओरड करावी व दोर, काठी किंवा लुगडे फेकावे.

जूनमधील वही

शाळा उघडल्यावर निबंधाचा विषय थोडा बदलून द्यावा : ‘या उन्हाळ्यात मी चाखलेली एक वस्तू’, किंवा ‘मी चाललेली एक वाट’. तपासताना प्रथम एवढेच पाहावे की, ज्याने लिहिले त्याने ते पाहिले आहे काय. ‘आमच्या माठातले पाणी पहाटे सर्वांत गार लागते, कारण रात्री वारा असतो’ असे एखाद्या मुलीने लिहिले असेल, तर त्या वाक्यातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक अवश्य दाखवावी. परंतु ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचून दाखविण्यास विसरू नये.

त्या क्षणी ज्या मुलीने गाव सोडला नाही, तिच्याही सुट्टीस वर्गात मान मिळतो. दुसऱ्याची सहल उसनी घेण्याची तिला मग गरज राहत नाही.