बोटीवरचा शेजारधर्म

आंबागडच्या किल्ल्यावर जो कोणी चढून गेला असेल, त्याने आतील जुनी विहीर पाहिली असेलच. बख्त बुलंद शहाच्या कारकिर्दीत, सन १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने हा किल्ला बांधला, पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत त्याचा बंदिखाना झाला, आणि येथे डांबलेल्या कैद्यांना त्या विहिरीचे साचलेले पाणी पाजून त्यांचा अंत करीत, अशी आख्यायिका आमच्या भागात सांगतात. तटाच्या आत कोंडलेल्या माणसाला पाणी बदलता येत नाही, हवा बदलता येत नाही आणि शेजारीही बदलता येत नाही. त्याचे आरोग्य त्याच्या एकट्याच्या हाती राहत नाही. ही गोष्ट मला वैद्यकाच्या पुस्तकांआधी, लहानपणी त्या विहिरीच्या काठाशी उभे राहून कळली.

तिची आठवण आता होण्याचे कारण असे की, गेल्या पंधरवड्यात मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सपत्नीक माझ्या दवाखान्यात आले. पुण्यातल्या मुलाने त्यांच्यासाठी मुंबईहून गोव्याकडे आणि पुढे लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझची तिकिटे काढली होती. तुमसर रोडला विदर्भ एक्सप्रेस धरून मुंबई गाठायची आणि तेथून बोटीवर चढायचे, असा बेत होता. वैनगंगेतल्या डोंग्यापलीकडे पाण्यावरचे वाहन दोघांनीही पाहिलेले नव्हते. गृहस्थांनी तिकिटांचा कागद चार घड्या उलगडून माझ्यापुढे टेबलावर पसरला, त्यावर चष्म्याचे घर ठेवले, आणि ते काही बोलण्यापूर्वीच बाईंनी विचारले, “डाक्टरसाहेब, समुद्रात मानूस बिमार पडला त कोठं उतरवतेत जी?”

प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. पुढचे बंदर येईपर्यंत बोट कोणालाही उतरवीत नाही. दोन-तीन हजार माणसे एका छपराखाली, त्याच जिन्याच्या कठड्यांना, त्याच लिफ्टच्या बटणांना आणि त्याच पातेल्यांतल्या त्याच पळ्यांना हात लावीत चार दिवस राहतात. आपल्या गावात एखाद्याने हयगय केली तर तिचे फळ बहुधा त्याच्या घरापुरते राहते. बोटीवर एकाची हयगय दुपारच्या जेवणापर्यंत शंभरांच्या वाट्याला येऊ शकते. म्हणून बोटीवरच्या शिष्टाचाराविषयी जे जे सांगितले जाते, ते केवळ सभ्यतेचे उपचार आहेत असे वाचकांनी समजू नये. मी त्याला शेजारधर्म म्हणतो, आणि तो औषधाच्या चिठ्ठीइतक्याच गंभीरपणे पाळावा असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

बोटीवरच्या आजारांमध्ये ज्याची धास्ती खरोखर बाळगावी तो नोरोव्हायरसचा. अमेरिकेतील ओहायो प्रांतातल्या नॉरवॉक गावी १९६८ साली शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली, तिच्यावरून या विषाणूला नाव मिळाले. आणि १९७२ साली आल्बर्ट कापिकियन या संशोधकाने तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला. शरीरात शिरल्यापासून बारा ते अठ्ठेचाळीस तासांत एकाएकी मळमळ, जोराच्या उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. एक ते तीन दिवसांत धडधाकट माणूस बरा होतो, परंतु म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि मधुमेही यांच्या शरीरातले पाणी इतक्या झपाट्याने आटते की सलाईन लावण्याची पाळी येते. या विषाणूचे मोजके कणही आजार उत्पन्न करण्यास पुरेसे होतात. त्याहून ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, भोजनगृहाच्या दाराशी ठेवलेल्या अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरला तो पुरता दाद देत नाही. तळहातावर दोन थेंब चोळून आत जाणारा माणूस स्वतःला निर्धास्त समजतो, हीच गफलत आहे. साबण, वाहते पाणी, आणि बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा व अंगठ्याचे मूळ यांसकट निदान वीस सेकंद चोळणे, याला पर्याय नाही. शौचास जाऊन आल्यावर आणि ताटावर बसण्यापूर्वी हे करावे, आणि जिन्याचा कठडा धरून आलेला हात तोंडाला लावू नये.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः सहकुटुंब अशा एका प्रवासास गेलो होतो. आमच्या शेजारच्या केबिनमध्ये एक वयस्कर दांपत्य आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थ डेकवर भेटले तेव्हा त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि खुर्चीच्या हाताला धरून ते उठत होते. मी विचारले तर म्हणाले, “काही नाही, जागरण झालं.” त्यांना रात्रभर जुलाब झाले होते, ते बोटीवरच्या डॉक्टरला कळले तर आपल्याला केबिनमध्ये बसवून ठेवतील आणि मुलाने एवढे पैसे भरून घडविलेला प्रवास वाया जाईल, या भीतीने त्यांनी कोणालाच इत्तिला दिली नव्हती. दुपारी ते बुफेच्या रांगेत उभे होते. संध्याकाळी त्यांची पत्नी अंथरुणाला खिळली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे नातवाच्या उलट्यांचा आवाज आमच्या भिंतीपलीकडून ऐकू आला, तेव्हा मी उठून त्यांच्या दारावर थाप मारली. मूल निपचित पडले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच जागेवर जात नव्हती. बोटीच्या दवाखान्यात त्याला सलाईन लावावे लागले. मूल वाचले. आजोबा त्याच्या पलंगाशी मान खाली घालून बसले होते, आणि त्यांना बोल लावावा असे मला वाटेना, कारण आदल्या दिवशी त्यांच्या कोरड्या ओठांकडे पाहूनही त्यांच्या उत्तरावर मी समाधान मानले होते. डॉक्टर म्हणून ती माझी चूक होती, आणि तिची रुखरुख मला आजही आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, पहिल्याच उलटीला किंवा पहिल्याच पातळ शौचाला केबिनमधल्या फोनवरून बोटीच्या दवाखान्यात कळवावे. तेथील डॉक्टर केबिनमध्ये थांबण्यास सांगतील. ती शिक्षा नव्हे. लक्षणे थांबल्यावरही अठ्ठेचाळीस तास सार्वजनिक भोजनगृहात, पोहण्याच्या हौदात आणि मुलांच्या खेळघरात जाऊ नये, कारण माणूस बरा वाटू लागला तरी रोग त्याच्याकडून दुसऱ्याकडे जातच असतो. उलटी वाटेत झाली तर रुमालाने स्वतः पुसत बसू नये. तिच्या सूक्ष्म तुषारांतूनही रोग पसरतो. केबिन सांभाळणाऱ्या माणसाला बोलवावे, त्याच्याकडे योग्य जंतुनाशक असते. ओआरएसची पाकिटे बरोबर न्यावीत आणि एका लिटरचे पाकीट मोजून एक लिटर पाण्यातच विरघळवावे. मळमळ थांबल्यावर आपली भाताची पेज मीठ घालून मिळाली तर तिच्यासारखे पथ्य नाही, आणि स्वयंपाकघराला सांगितले तर ती बहुधा करून मिळते.

बुफेच्या रांगेत आपल्या जुन्या पंगतीचा एक दंडक मला फार उपयोगी वाटतो. सोवळ्याच्या नावाखाली माणसांना दूर लोटण्याचा जो अन्याय आपल्या समाजाने केला त्याचे मी कदापि समर्थन करणार नाही. परंतु उष्ट्या हाताने वाढप्याच्या पातेल्याला शिवायचे नाही, ही शिकवण आरोग्यशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरते. खाऊन झालेली बशी घेऊन पुन्हा रांगेत जाऊ नये, नवी घ्यावी. पाव, फळ, भजे हाताने उचलू नये, चिमट्याने घ्यावे. मुलांना एकटे सोडू नये, त्यांच्या बशीत आपण वाढावे. ताटात मावेल तेवढे न घेता पोटात मावेल तेवढे घ्यावे. मधुमेह्यांना तर हे विशेष सांगणे आहे, कारण बोटीवर सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत अन्न समोर असते आणि भूक लागण्याची वाट कोणी पाहत नाही. शाकाहारी मंडळींनी तिकीट काढतानाच तशी नोंद करावी. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या शाकाहारी मुलीच्या ताटात दोन महिने काय पडत असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. आज तशी आबाळ सोसण्याचे कारण नाही.

ज्या खलाशांच्या आणि सेवकांच्या हातून आपण जेवतो, त्यांच्याविषयीही सांगितले पाहिजे. त्यांत गोव्याची आणि कोकणातली पुष्कळ मुले असतात. महिनोन्‌महिने घर सोडून, पाण्याच्या पातळीजवळच्या लहान खोल्यांत दोघे-चौघे मिळून ती राहतात. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात डायमंड प्रिन्सेस ही बोट कोरोनामुळे अलग ठेवण्यात आली, तेव्हा तिच्यावर ३७११ माणसे होती आणि त्यांपैकी ७१२ जणांना लागण झाली. प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद होते, परंतु त्यांच्या दाराशी जेवणाची ताटे पोहोचविणारे कर्मचारी एकत्र राहत आणि एकत्र जेवत होते. त्या बोटीवर १३८ भारतीय होते, आणि त्यांतले १३२ कर्मचारी होते. खोकला-ताप असताना तोंड झाकणे, वापरलेला रुमाल टेबलावर न टाकणे, आणि केबिन साफ करणाऱ्याला घरातल्या आजाराची कल्पना आधी देणे, हे त्या मुलांचे आपल्यावरचे ऋण आहे.

आता बोट लागण्याविषयी. अंतर्कर्ण हेलकावे सांगतो आणि डोळे केबिनच्या स्थिर भिंती दाखवितात, या दोन साक्षींतल्या विसंगतीने मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळते. ज्यांना एस.टी. लागते त्यांनी केबिन घेतानाच बोटीच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर मागावी, तेथे हेलकावा सर्वांत कमी असतो. मळमळ जाणवताच मोबाइल व पुस्तक बाजूला ठेवून मोकळ्या हवेत जावे आणि क्षितिजाच्या रेषेवर दृष्टी ठेवावी. अव्होमिन किंवा सिनारिझिनसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, बोट हलण्यापूर्वी तासभर आधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते आणि तोल जातो, त्यांच्याबरोबर मद्य मुळीच घेऊ नये. आणि काचबिंदू किंवा वाढलेल्या प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. आल्याचा तुकडा चघळणे बहुतेकांना मानवते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पहिलाच प्रवास थंडीतला निवडावा.

रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवू नयेत. धक्क्यावर ती बॅग आपल्याकडून घेतात आणि केबिनच्या दाराशी येता येता संध्याकाळ होते. चार दिवस जास्तीची औषधे, औषधांची मूळ नावे लिहिलेली चिठ्ठी आणि जुना ईसीजी हातातल्या पिशवीत असावा. बोटीवरची तपासणी आणि उपचार मोफत नसतात, म्हणून प्रवासाचा विमा उतरवावा, आणि त्यात जुने आजार लपवू नयेत. चोवीस आठवड्यांपुढील गर्भवतीला बहुतेक कंपन्या बोटीवर घेतच नाहीत.

निजानीज झाल्यावर मार्गिकेत मोठ्याने बोलणे आणि दारे आपटणे टाळावे. केबिनच्या भिंती पातळ असतात, आणि पलीकडे हृदयरोगी झोपलेला असू शकतो.

प्रस्थानाच्या दिवशी होणारी सुरक्षा-कवायत कंटाळवाणी वाटते व पुष्कळ प्रवासी ती टाळू पाहतात. त्यांनी दोन घटना ध्यानात घ्याव्यात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. लाटेच्या तडाख्याने घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट कलली, असे सांगतात. आणि १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट खडकावर आदळली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची होती. ३२ जण दगावले. सात आखूड आणि एक लांब भोंगा ऐकू आला की तो संकटाचा इशारा समजावा, आपल्या जमण्याच्या जागी चालत जावे, लिफ्ट वापरू नये, सामान घेण्यास मागे वळू नये. गुडघे दुखणाऱ्यांनी आपल्या केबिनपासून त्या जागेपर्यंतचे जिने पहिल्याच दिवशी एकदा चढून-उतरून पाहावेत.

खाणीतल्या गृहस्थांनी यातले बरेचसे तिकिटाच्या कागदामागे पेन्सिलीने लिहून घेतले. बाईंनी साबणाच्या वड्या किती न्यायच्या ते दोनदा विचारले. पिण्याच्या पाण्याविषयी त्यांना शंका होती, तेव्हा मी सांगितले की, मोठ्या बोटी समुद्राच्याच पाण्यातले मीठ काढून, क्लोरीन घालून ते शुद्ध करतात व त्याची रोज तपासणी होते, ते निर्धास्त प्यावे. मात्र कोमट पाण्याच्या फवाऱ्यांच्या हौदात फार वेळ बसू नये. कोमट आणि साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि वाफेबरोबर फुप्फुसात जातात. त्या आजाराची लक्षणे दिसायला दोन दिवसांपासून पंधरवड्यापर्यंत वेळ लागतो. तेव्हा बोटीवरून घरी परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला किंवा धाप सुरू झाली तर दवाखान्यात यावे, आणि अमुक तारखांना आपण बोटीवर होतो हे डॉक्टरने विचारण्यापूर्वीच सांगावे.