चाललं म्हणजे सुरक्षित?

जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोइंगच्या नव्या स्टारलायनर यानाच्या चाचणी उड्डाणावर गेले. स्पेस स्टेशनजवळ पोचताना २८ पैकी ५ थ्रस्टर बंद पडले, हेलियमही गळत होता. ४ थ्रस्टर पुन्हा चालू झाले. जमिनीवरच्या टेस्टमध्ये दिसलं, की उष्णतेने टेफ्लॉनचं सील फुगून ऑक्सिडायझरची वाट अडते. पण परतताना थ्रस्टर दगा देणार नाहीत, याची खात्री होईना. म्हणून नासाने यान रिकामंच परत आणलं. सप्टेंबरमध्ये ते अलगद उतरलं!

मग निर्णय चुकला? मला आधी तसंच वाटलं. पण अंदाजाने टिक केलेलं उत्तर बरोबर आलं, म्हणून आपल्याला ते येत होतं असं थोडंच आहे? आठेक दिवसांचा मुक्काम २८६ दिवसांचा झाला. मार्च २०२५ मध्ये दोघं ड्रॅगन यानातून सुखरूप घरी आले.