बाप्तिस्मा कुणाच्या नावानं?

अगं, फोनवर तू "ते पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगतायत" एवढंच म्हणालीस आणि गप्प झालीस, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मुलगा चांगला आहे, तुला आवडलाय, त्यात मी काडी घालणार नाही. पण सोयरीक पक्की व्हायच्या आधी त्याच्या घरचे नेमकं काय मानतात ते नीट समजून घे.

आईला वाटतंय, डोक्यावर पाणी शिंपडायचं की पाण्यात बुडवायचं एवढाच हा वाद आहे. तेवढाच असता तर मी हे लिहायला बसलेच नसते. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्या वयातच देणारे, असे दोघेही त्यात आले. दोन्ही रीती चालतील असं ठरलं आणि गाडं चाललं. ते जमलं, कारण पाण्याजवळ उच्चारायची नावं दोघांचीही तीच होती : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तुझ्या सासरी वाद त्या नावांचाच आहे. ते फक्त येशूच्या नावानं बाप्तिस्मा देतात, आणि आपला बाप्तिस्मा त्यांच्या लेखी झालेलाच नाही.

काकू म्हणाल्या, "यहोवावाले असतील." नाहीत. ही गल्लत करू नकोस, त्याच्या आईला फार लागेल. दारोदार 'टेहळणी बुरूज' घेऊन येणारे यहोवाचे साक्षीदार म्हणतात की पिता तोच एकटा देव, पुत्र ही त्याची पहिली निर्मिती, प्रमुख देवदूत मीखाएल म्हणजेच तो, आणि पवित्र आत्मा म्हणजे देवाची शक्ती. तुझी होणारी सासू याच्या बरोबर उलट टोकाला आहे. तिच्या मते येशू हाच देव. पिता, पुत्र, आत्मा या त्याच्याच प्रकट होण्याच्या तऱ्हा. एकाच्या हिशेबात येशू देवाच्या खाली, दुसरीच्या हिशेबात येशूखेरीज देवच नाही. त्रैक्य, म्हणजे एकाच देवात पिता, पुत्र, आत्मा असे तिघे, हे दोघंही नाकारतात, पण परस्परांकडे पाठ करून.

या मंडळींना वननेस पेंटेकॉस्टल म्हणतात. लोक 'ओन्ली जीझस' म्हणतात, ते नाव त्यांना आवडत नाही, तेव्हा तू वापरू नकोस. त्यांचा इतिहास फार जुना नाही. १९१३ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसजवळ एक मोठं पेंटेकॉस्टल शिबिर भरलं होतं. तिथे एका उपदेशकानं सहज दाखवून दिलं की प्रेषितांनी प्रत्यक्षात बाप्तिस्मा दिला तो येशूच्या नावानं. मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे ती पिता, पुत्र, आत्मा यांच्या नावानं. पण प्रेषितांची कृत्ये उघडलीस की दुसऱ्या, आठव्या, दहाव्या, एकोणिसाव्या, प्रत्येक अध्यायात येशूचंच नाव. काहींच्या डोक्यात हे घोळत राहिलं. पुढच्याच वर्षी फ्रँक युअर्ट आणि ग्लेन कूक या दोघांनी एकमेकांना नव्यानं बाप्तिस्मा दिला. पाळकांनी एकमेकांना! मला ही गोष्ट अजूनही विलक्षण वाटते. १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉडनं त्रैक्याच्या बाजूनं ठाम निवेदन काढलं आणि दीडशेच्या आसपास पाळक बाहेर पडले. म्हणजे त्यांची बाजू अगदीच पोकळ समजू नकोस. कृत्यांतली ती वचनं खरीच तिथे आहेत, आणि आपल्याकडचे कितीतरी पाळक त्यांवर नीट उत्तर न देता नुसते चिडतात.

आता गंमत ऐक. संडे स्कूलमध्ये आपल्याला त्रैक्य समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ सांगितलं होतं, आठवतं? एकच वस्तू, तीन रूपं. तू हा दाखला तिथे काढलास तर सासूबाई खूश होऊन म्हणतील, "मग आम्ही तरी काय सांगतोय?" हा दाखला त्यांच्याच बाजूचा आहे. तेच पाणी आत्ता बर्फ, मग वाफ. एकाच वेळी तिन्ही नाही. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये सबेलियस असंच काहीसं शिकवत होता, म्हणून पोप कॅलिस्टसनं त्याला मंडळीबाहेर काढलं. त्याच काळात कार्थेजच्या तर्तुल्लियननं अशा मताच्या माणसाला टोला हाणला होता की यानं तर पित्यालाच क्रुसावर चढवलं. आजचे वननेसवाले म्हणतात, आम्ही सबेलियसचे नाही, देव एकापाठोपाठ एक सोंगं घेतो असं आम्ही मानत नाही, तो एकाच वेळी स्वर्गात पिता आणि देहात पुत्र आहे. ठीक. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत घ्यावं.

पण आपल्या मंडळीचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते तुला सांगता आलं पाहिजे. पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, आत्मा पूर्ण देव. देव मात्र एकच. आणि तरी पिता म्हणजे पुत्र नव्हे. यार्देन नदीवर पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि वरून वाणी होतेय. गेथशेमाने बागेत येशू रात्री प्रार्थना करतोय, ती कुणाला? हे त्या मुलाला विचार. तो म्हणेल, येशूमधला मनुष्य त्याच्यामधल्या देवाला प्रार्थना करत होता. हे उत्तर हुशारीचं आहे, मी नाकारत नाही. पण मग योहानाचा सतरावा अध्याय काढ. तिथे येशू म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वीच पित्यानं आपल्यावर प्रीती केली. तेव्हा तर तो मनुष्य झालेलाच नव्हता. मग प्रीती कुणी कुणावर केली? या एका जागी मला त्यांची मांडणी अपुरी वाटते. देव प्रीती आहे असं म्हणायचं तर त्या प्रीतीला आरंभापासून कुणीतरी हवं.

एक वचन मात्र वादात वापरू नकोस. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वर्गात तीन साक्षीदार आहेत आणि ते तिघे एक आहेत, असं जुन्या इंग्रजी बायबलात छापलेलं आहे. ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मसनं १५१६ आणि १५१९ च्या आपल्या ग्रीक आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, आरडाओरडा झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घातलं. कुणी अभ्यासू भेटला तर तिथेच तुझी फजिती होईल, आणि खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वासही उडेल.

आणि "आपलं खरं, त्यांचं खोटं" अशा तोऱ्यात जाऊ नकोस, कारण आपल्या बाजूचा इतिहास काही फुलांच्या पायघड्यांचा नाही. ३२५ साली निकाया गावात सम्राट कॉन्स्टंटाइननं बिशपांची सभा बोलावली. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणत होता की पुत्र निर्माण केलेला आहे, तो नव्हता असाही एक काळ होता. सभेनं ते फेटाळलं. वाद तिथे संपला असं आपण समजतो, पण खरा तर तिथून पेटला. पुढचे सम्राट कधी या बाजूला, कधी त्या. निकायाच्या बाजूनं लढणाऱ्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. विश्वासांगीकारातली पवित्र आत्म्याबद्दलची सविस्तर वाक्यं ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेची मानतात. आत्मा पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, यावरचं पूर्व-पश्चिमेचं भांडण तर वेगळंच, त्यात आपण शिरायला नको. आणि १५५३ मध्ये जिनिव्हात मायकेल सर्व्हेटसला त्रैक्य नाकारलं म्हणून जिवंत जाळलं, तेही सुधारणावाद्यांच्या शहरात. जे मत इतकं जिव्हाळ्याचं, त्याच्यासाठी माणूस जाळावा लागतो का गं?

आपल्याच मातीतलं एक उदाहरण देते, ते तुला जास्त उपयोगी पडेल. पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परका देश, सोबत लहानगी मनोरमा, आसरा दिला तो तिथल्या सिस्टर्सनी. अशा वेळी कुणीही मुकाट मान डोलावली असती. रमाबाईंनी डोलावली नाही. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनमच्या कॉलेजातल्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्यावर त्या स्पष्ट बोलल्या आहेत. शिकवलं जातंय त्या रीतीनं ते आपल्याला पटत नाही. आणि अथनेशियसच्या नावानं चालणारा, न मानणाऱ्याचा नाश होईल असं बजावणारा विश्वासांगीकार आपण स्वीकारणार नाही. (तो अथनेशियसनं लिहिलेलाही नाही, पुष्कळ नंतरचा आहे.) आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो, कुणा बिशपच्या प्रत्येक शब्दाला बांधील नाही, ही त्यांची भूमिका. सिस्टर्स दुखावल्या. त्यांना ही उद्धटाई वाटली, कृतघ्नपणा वाटला. पण त्याच रमाबाई पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, १९२२ साली मरेपर्यंत. १९०५ मध्ये त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये झालेल्या उज्जीवनाचं नाव पेंटेकॉस्टल लोक आजही आदरानं घेतात; त्या मुलाच्या घरातही घेत असतील. तर सासरी कुणी म्हणालं की मुलीच्या जातीनं इतके प्रश्न विचारू नयेत, तर रमाबाईंचं नाव काढ.

आता मुद्द्यावर येते. माझं मत विचारशील तर लग्नासाठी बाप्तिस्मा पुन्हा घेऊ नकोस. तुला मनापासून पटलं, तू महिनोन् महिने वाचलंस, प्रार्थना केलीस आणि मग घेतलास, तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. पण हॉल बुक झालाय म्हणून, पत्रिका छापायच्या आहेत म्हणून, नाही. तू वसईतल्या कॅथलिक घरात जात असतीस तरी तिथल्या चर्चनं तुझा बाप्तिस्मा मानला असता, कारण तो त्या तीन नावांनी झालाय. आणि कायद्याचं म्हणशील तर १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा तुम्ही ख्रिस्ती आहात का एवढंच विचारतो, त्रैक्याबद्दल त्याला सोयरसुतक नाही. अडचण घरात येणार आहे.

म्हणून त्या मुलाला एकट्याला गाठून विचार. त्याच्या पास्टरला नको, आईलाही नको. वचनांवर वाद घालू नकोस, सरळ विचार : "माझी आजी तारण पावली का?" आजी पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा घेऊन, 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक उशाशी ठेवून गेली. वननेस मंडळ्यांत पुष्कळ जण असं मानतात की येशूच्या नावाचा बाप्तिस्मा आणि अन्य भाषा बोलण्याच्या खुणेसह आत्म्याचं दान, यांशिवाय तारण पूर्ण होत नाही. म्हणजे सासूबाई हट्ट करतायत तो मोठेपणा मिरवायला नाही, तुझी काळजी वाटते म्हणून. हे कळलं की त्यांच्यावर राग येणार नाही. पण प्रश्न सोपाही होणार नाही, कारण लग्नानंतर हीच काळजी त्यांना तुझ्या आईबद्दल वाटेल, आणि उद्या तुझ्या बाळाबद्दल.

तो म्हणाला की "ते देवाला ठाऊक, मी तुझा बाप्तिस्मा खोटा म्हणणार नाही," तर पुष्कळ जमण्यासारखं आहे. दोन मंडळ्यांत रविवार वाटून घेणारी जोडपी असतात, भांडतात, संसारही करतात. तो गप्प बसला, तर त्याला वेळ दे, पण तूही थांब. आणि तो "नाही" म्हणाला, तर निदान खरं बोलला असं समज, आणि मग आपण दोघी आईशी बोलू. तिला कसं सांगायचं ते माझ्यावर सोड. मुलांचा बाप्तिस्मा कधी, कुठे आणि कुणाच्या नावानं, हेही त्याच बैठकीत बोलून घे. "तेव्हाचं तेव्हा बघू" या उत्तरावर उठू नकोस.

आणि हे सगळं देवळात तुमच्या लग्नाचे पुकारे सुरू व्हायच्या आधी विचार.