उच्चारातील अवतरणचिन्हे

लेखनातील अवतरणचिन्ह दोन कार्ये करते : दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे देणे आणि त्या शब्दांपासून स्वतःला अलग ठेवणे. बोलण्यातील इंग्रजीत ‘क्वोट-अनक्वोट’ हे शब्द, सुरातील बदल किंवा हवेत वाकवलेली दोन्ही हातांची दोन-दोन बोटे ही कार्ये पार पाडतात. क्लार्क व गेरिग यांनी १९९० मध्ये अवतरणाला वर्णन न मानता प्रात्यक्षिक मानले. वक्ता मूळ उक्ती निवडक अंगांनी करून दाखवतो. मराठीत ‘तो आजारी आहे म्हणे’ यातील ‘म्हणे’ विधानाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवते, ‘म्हणे विद्वान!’ यात ते उपहास होते. म्हणून इंग्रजी नाट्यसंवादाच्या अनुवादात अशा ठिकाणी ‘म्हणे’ योजणे इष्ट. संहितेतील नुसते चिन्ह प्रेक्षकाला ऐकू येत नाही.