कोपर मोडले तर : शस्त्रक्रिया केव्हा आणि कोणती?



तोडणीच्या हंगामात ट्रॉलीवरून घसरणे, गाडीवरून पडणे आपल्याकडे नवे नाही. पडताना माणूस हात टेकतो आणि सगळा भार कोपरावर येतो. मग "पाहू दोन दिवस, हळद लावू" म्हणत वेळ जातो आणि हात कामातून जातो. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

कोपरात तीन हाडे येतात : दंडाचे एक, पुढच्या हाताची दोन. बिजागरीसारखे ते वाकते. नुसती भेग असेल, हाड जागचे हलले नसेल, तर प्लास्टरने भागते. तुकडे सरकले किंवा सांधा निखळला, तर बहुधा शस्त्रक्रिया लागते. तिचे मुख्य प्रकार असे :

१) कोपराचे टोक मोडणे : दंडामागचा स्नायू तुकडा वर ओढतो. दोन सळ्या घालून आठाच्या आकड्यासारखी तार आवळतात. चुरा असेल तर पट्टी बसवतात.

२) दंडाच्या हाडाचे खालचे टोक फुटणे : दोन बाजूंनी दोन धातूच्या पट्ट्या व स्क्रू लावतात. करंगळीकडे जाणारी नस इथूनच जाते, म्हणून ती जपावी लागते.

३) सांधा निखळून दोन हाडेही मोडणे : हा सर्वांत वाईट प्रकार. हाड जोडतात, फाटलेले बंध शिवतात. अंगठ्याकडच्या हाडाच्या डोक्याचे फार तुकडे झाले असतील तर धातूचे डोके बसवतात.

४) कृत्रिम सांधा : म्हातारपणी हाड ठिसूळ होऊन चुरा झाला तर. पण त्या हाताने जन्मभर चार-साडेचार किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नसते. ज्याला मोळी उचलायची त्याने हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

लेकराचे कोपर मोडले तर घट्ट पट्टी बांधूच नका. पट्टीने रक्त अडून बोटे कायमची आखडतात. जर्मन शल्यवैद्य फोल्कमान यांनी १८८१ मध्येच हे सांगून ठेवले. बोटे गार वा पांढरी पडली, बधिर झाली, सरळ करताना असह्य कळ आली, तर त्याच घडीला दवाखाना गाठा. जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ कापड झाका. माती, हळद लावू नका. हात आहे तसाच झोळीत बांधा, ओढू नका, चोळू नका. चोळल्याने सांध्याभोवती नवे हाड धरते आणि कोपर जाम होते.

शस्त्रक्रिया म्हणजे अर्धेच काम. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून व्यायाम सुरू करावा. कोपर ३० ते १३० अंशांत हलले म्हणजे जेवण, आंघोळ, बहुतेक रोजची कामे होतात. दुखते म्हणून हात गळ्यात अडकवून बसलात, तर चांगली शस्त्रक्रियाही वाया जाते.

वाशीमला जिल्हा रुग्णालय आहे, २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अकोल्याचे महाविद्यालय २००२ पासूनचे. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा.

आपल्या शेतावरच्या तोडणी मजुरांनाही हे वाचून दाखवावे, ही विनंती.