घटक ४ : सर्पसत्र आणि लोकभाषा

४.१ उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• महाभारतातील नाग-मानव वैराची कारणपरंपरा सांगता येईल.
• निषिद्ध शब्द व त्यांचे पर्याय यांची सोदाहरण चर्चा करता येईल.

४.२ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, रात्री घरात साप निघाला, तर सातारा-सांगलीकडील वडीलधारी माणसे त्याचे नाव घेत नाहीत. 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतात. सर्पदंश झाल्यास 'पान लागलं' असे सांगतात. नाव घेतले की ते येते, हा समज यामागे असतो. अशा टाळलेल्या शब्दाला 'निषिद्ध शब्द' म्हणतात. या भीतीलाच महाभारताने एका दीर्घ युद्धकथेचे रूप दिले आहे.

४.३ वैराची परंपरा
आदिपर्वात कृष्ण आणि अर्जुन अग्नीच्या तृप्तीसाठी खांडववन जाळू देतात. तक्षक नाग तेथे नसतो. त्याची पत्नी मारली जाते, पुत्र अश्वसेन निसटतो. पुढे कर्णपर्वात हाच अश्वसेन कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनावर सूड घेऊ पाहतो. अर्जुनाचा नातू परीक्षित ऋषिपुत्राच्या शापानुसार तक्षकाच्या दंशाने मरतो. त्याचा पुत्र जनमेजय सर्पसत्र मांडतो आणि असंख्य सर्प अग्नीत पडतात. ते थांबवतो आस्तिक. त्याचा पिता ऋषी, तर माता वासुकी नागाची बहीण. दोन्ही कुळांशी नाते असलेलाच हे वैर मिटवतो, हे ध्यानात घ्यावे. वैशंपायनाने महाभारत सांगितले तेही याच सत्रात.

४.४ लोकपरंपरेतील तह
नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिले मरतात. ती सूडाने त्याच्या कुटुंबाला दंश करते. मात्र नागपूजा करणाऱ्या मुलीपाशी तिचा राग शमतो. म्हणून त्या दिवशी नांगरणे, चिरणे, तळणे वर्ज्य मानून उकडलेली दिंडे करतात. महाकाव्यातील तहच येथे घरातील नियम झाला आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात या दिवशी जिवंत नाग पकडून पूजण्याची प्रथा होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे तिच्यावर बंधने आली. पूजेमुळे त्या जीवालाच त्रास होतो का, हा प्रश्न त्यामागे होता.

४.५ 'डूख धरणे'
मनात वैर धरून राहणे याला मराठीत 'डूख धरणे' म्हणतात. साप डूख धरतो, ही समजूत शब्दातच गोठलेली आहे. प्राणिशास्त्राला मात्र असा सूड मान्य नाही. साप आपल्या बचावासाठी चावतो. तरीही 'सोडला तर परत येईल' या समजुतीने निरुपद्रवी धामणही मारली जाते. आस्तिकाने थांबवलेले सत्र अशा रीतीने आपल्या वाक्प्रचारांत चालू राहते. उलट 'पान लागलं' हा सौम्य शब्द संकटाचे गांभीर्य झाकू शकतो. शब्द कोणताही वापरला, तरी उपचार रुग्णालयातील प्रतिविषाचाच हवा.

४.६ सारांश
युद्धे संपतात, पण त्यांनी निर्माण केलेला शत्रू भाषेत टिकून राहतो. शब्दाचा अभ्यास करताना तो कोणाला शत्रू ठरवतो, हेही पाहावे.

४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. आस्तिकाच्या जन्मकथेचे सर्पसत्राच्या शेवटाशी असलेले नाते स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील पाच वृद्धांकडून सापासाठीचे पर्यायी शब्द गोळा करा. ते कोण, केव्हा व कोणासमोर वापरतात, याची नोंद करा.